मुलाखतीला बोलावलेल्या माणसाला उत्तर तरी द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तरुणांसाठीच्या पानावर नोकरीच्या मुलाखतीला जाताना उमेदवाराने काय पाळावे, याविषयीचा एक लेख गेल्या आठवड्यात वाचला. कपडे इस्त्रीचे असावेत, ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, आत येण्याची परवानगी विचारावी, फोन बंद ठेवावा, समोरच्याचे बोलणे तोडू नये, असे त्यात बरेच सांगितले होते आणि त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी १९८४ पासून २०१७ पर्यंत काम केले. या काळात किती मुलाखतींना मी बसले याची गणती नाही, आणि निवृत्तीनंतरही दर शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या खोलीत आपल्या मुलामुलींकडून मी मुलाखतीचा सराव करून घेते. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. लेख वाचून झाल्यावर मनाला एक गोष्ट लागून राहिली. मुलाखतीतल्या शिष्टाचाराचा सगळा भार आपण काम मागायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकतो. ज्याने त्याला बोलावले, ज्याच्या हातात काम देणे किंवा न देणे आहे, त्याने कसे वागावे हे मात्र कोणी लिहीत नाही. माझा अनुभव असा की मुलाखतीच्या खोलीतले असभ्य वर्तन बहुतेक वेळा टेबलाच्या आतल्या बाजूला घडते, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही, कारण शेरा लिहिण्याचा कागद त्याच बाजूला असतो.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या वाड्यात राहणाऱ्या एका मुलीला अलकापुरीतील एका कार्यालयातून हिशेबनिसाच्या जागेसाठी बोलावणे आले. वाणिज्य शाखेची पदवी, दोन वर्षांचा अनुभव, हिशेबाच्या संगणकप्रणालीवर चांगला हात, आणि स्वभावाने थोडी भिडस्त. मला त्याच भागात बँकेचे काम होते, म्हणून ‘काकू, तुम्ही सोबत आलात तर बरं वाटेल’ असे ती म्हणाली आणि मी गेले. वेळ सकाळी साडेदहाची दिलेली होती. बाहेरच्या जागेत अकरा उमेदवार आणि सहा खुर्च्या. सगळ्यांना साडेदहाचीच वेळ दिली आहे, हे तिथे गेल्यावर कळले. पाण्याच्या यंत्रावरची बाटली रिकामी होती आणि ती बदलायला दुपारपर्यंत कोणी आले नाही. स्वागतकक्षातल्या मुलीला विचारले तर तिलाही साहेब कधी सुरुवात करणार हे ठाऊक नव्हते; ती बिचारी प्रत्येकाला ‘बस, आता होईल’ एवढेच सांगत होती. पाऊण वाजता साहेब जेवायला गेले. त्या वेळी बाहेर येऊन ‘तुम्हीही काही खाऊन या, आपण दोन वाजता बसू’ असे सांगायला अर्धे मिनिटही लागले नसते. ते कोणी सांगितले नाही, म्हणून आपले नाव पुकारले जाईल या धास्तीने अकरातला एकही जण जागचा हलला नाही. एक मुलगा जिन्यात उभा राहून खिशातली बिस्किटे खात होता आणि प्रत्येक घासाला दाराकडे बघत होता.

आमच्या मुलीचे नाव दोन वाजून वीस मिनिटांनी पुकारले गेले आणि सात मिनिटांत ती बाहेर आली. रिक्षेत बसेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काकू, माझ्या बायोडाटावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता. माझ्या फोटोवर गोल डाग पडला होता.’ हिशेबाविषयी तिला एकच प्रश्न विचारण्यात आला होता. बाकीचे प्रश्न वडील काय करतात, घर स्वतःचे की भाड्याचे, लग्न ठरले आहे का, ठरल्यावर बडोद्यातच राहणार का आणि ‘नंतर’ नोकरी सोडणार नाही याची खात्री काय, असे होते. त्यातल्या ‘नंतर’ या शब्दावर साहेबांच्या शेजारी बसलेले गृहस्थ हसले, असे तिने सांगितले. शेवटी, ‘ठीक आहे, आम्ही कळवू.’

आज दोन महिने झाले, कोणी कळवलेले नाही. पंधरा दिवसांनी तिने फोन केला तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते, आणि महिन्याने केला तेव्हा ‘कुठल्या इंटरव्ह्यूबद्दल विचारताय?’ असे तिलाच विचारण्यात आले. मधल्या काळात हालोलच्या एका कारखान्याने तिला निवडून पंधरा दिवसांत होकार मागितला होता. हालोल चाळीसएक किलोमीटर दूर, रोज बसने जाऊन येऊन करायचे, म्हणून अलकापुरीतून काही कळते का याची ती वाट पाहत राहिली, आणि मुदत संपल्यावर ती जागाही दुसऱ्याला गेली. अलकापुरीतील त्या कार्यालयाने तिला दोन ओळींचा नकार आठवडाभरात कळवला असता तर आज ती मुलगी कामाला लागलेली असती. उत्तर न देणे हे केवळ रीतीला सोडून आहे असे म्हणून भागत नाही. त्यात दुसऱ्याचे नुकसान होते, आणि ते नुकसान करणाऱ्याला त्याची खबरही नसते.

संपादक महोदय, मी दुसऱ्यांना नावे ठेवते आहे आणि स्वतः मात्र नेहमी नीट वागले, असे कोणाला वाटू नये, म्हणून एक गोष्ट आज पहिल्यांदाच लिहिते आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्यात स्टोअर्ससाठी एक माणूस घ्यायचा होता. नंदुरबारहून एक गृहस्थ आले होते. रात्रीच्या गाडीने सुरतेपर्यंत आणि तिथून गाडी बदलून बडोद्याला, असा प्रवास करून ते सकाळी नऊच्या आधी फाटकावर हजर होते. हातात रेक्झिनची पिशवी, तिच्यात डबा आणि प्रमाणपत्रे. त्या दिवशी मुंबईहून मोठे गिऱ्हाईक आले आणि व्यवस्थापक त्यांच्यासोबत अडकले. दुपारी मला त्या गृहस्थांची आठवण झाली, पण ‘साहेब मोकळे झाले की बोलावू’ म्हणून मी माझ्या कामाला लागले. पाच वाजता बाहेर आले तेव्हा ते फाटकाजवळच्या बाकावर तसेच बसले होते. मी म्हटले, ‘आज जमणार नाही, पुढच्या सोमवारी या.’ ते उठून उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, ‘बाई, सोमवारी यायचं भाडं माझ्याकडे नाही. आजच नाही म्हणून सांगितलं तरी चालेल.’ मी त्यांना भाडे द्यायला हवे होते, निदान स्वतःच्या अधिकारात त्यांची मुलाखत घेऊन टिपण ठेवायला हवे होते. यातले मी काहीही केले नाही. ‘बघते’ म्हणाले आणि आत गेले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, पण ‘आजच नाही म्हणून सांगितलं तरी चालेल’ हे वाक्य आठवते, आणि ज्या ज्या वेळी कोणी ‘आम्ही कळवू’ म्हणते त्या त्या वेळी आठवते.

त्यानंतर आमच्या विभागात मी दोन गोष्टी सुरू केल्या आणि वरिष्ठांनी त्यांना हरकत घेतली नाही. पहिली, प्रत्येक उमेदवाराला वेगळी वेळ द्यायची आणि उशीर होणार असेल तर स्वतः बाहेर जाऊन सांगायचे. दुसरी, निवड न झालेल्या प्रत्येकाला साधे पोस्टकार्ड टाकायचे. कार्डे मी हाताने लिहीत असे. एका जागेमागे दहा-बारा, फार तर वीस. त्याला दुपारचा एक तास लागायचा. याचा कारखान्याला काय फायदा, असे एका साहेबांनी विचारले होते. फायदा पुढे दिसला. नकार कळवलेल्या एका फिटरला आम्ही दीड वर्षाने दुसऱ्या जागेसाठी पुन्हा बोलावले तेव्हा तो आनंदाने आला, आणि पुढे आमच्या उत्तम कारागिरांपैकी एक झाला. ज्याला पहिल्या खेपेस ताटकळत ठेवून विसरून गेलो असतो, तो दुसऱ्यांदा आलाच नसता. आज तर पोस्टकार्डही लागत नाही. एकच मजकूर शंभर जणांच्या फोनवर एका क्षणात जातो. साधन इतके सोपे झाल्यावर उत्तरे वाढायला हवी होती, पण ती कमी झाली. त्याचे कारण मला वेळेच्या टंचाईत दिसत नाही. ज्याला आपण घेणार नाही त्याचे आपण काही देणे लागतो, ही जाणीवच मागे पडली आहे.

आता प्रश्नांविषयी. मुलींना लग्नाविषयी आणि मुलाबाळांविषयी विचारणे ही आपल्याकडे इतकी सर्रास चालणारी गोष्ट झाली आहे की विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. १९८४ मध्ये माझ्या स्वतःच्या मुलाखतीत ‘मिस्टरांची परवानगी आहे ना?’ असे मला विचारले होते आणि मी मान डोलावली होती, याची मला आजही चुटपुट लागते. पण हा प्रश्न आपल्या शहरापुरता किंवा छोट्या कार्यालयांपुरता नाही. भारतीय परराष्ट्र सेवेत १९४९ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जात म्हटले होते की, मुलाखतीच्या वेळी मंडळाच्या अध्यक्षांनीच त्यांना परराष्ट्र सेवेत न जाण्याविषयी समजावण्याचा प्रयत्न केला, आणि मौखिक परीक्षेत कमीत कमी गुण दिल्याचे पुढे त्यांना स्वतःच सांगितले. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर हे प्रकरण आले तेव्हा स्त्रियांविषयीच्या त्या सेवेतल्या नियमांवर त्यांनी कडक शब्दांत टीका केली. इतक्या वरच्या परीक्षेला बसलेल्या बाईंची ही गत, तर बडोद्यातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने साहेबांना ‘हा प्रश्न कामाशी संबंधित नाही’ असे सुनावावे, ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

१९९१ चा नीरा माथुर यांचा निकालही मला इथे सांगावासा वाटतो, कारण मी तेव्हा याच कामात होते आणि आमच्या विभागात त्याची चर्चा झाली होती. आयुर्विमा महामंडळात नोकरीला लागताना भरून द्यायच्या घोषणापत्रात स्त्रियांना मासिक पाळीविषयी, पूर्वीच्या गर्भधारणांविषयी माहिती लिहावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने हे रकाने लाजिरवाणे ठरवले, ते काढून टाकायला सांगितले आणि कामावरून काढलेल्या नीरा माथुर यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले. कागदावरचे रकाने गेले. पण तेच प्रश्न आता तोंडी विचारले जातात, आणि तोंडी विचारलेल्याचा पुरावा राहत नाही. २०१७ मध्ये प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ते फार चांगले झाले. पण त्या रजेचा बोजा आपल्यावर पडेल या भीतीने काही मालक मुलाखतीतच मुलींची चाचपणी करू लागले आहेत, हेही मी जवळून पाहिले आहे. त्यांना एवढेच सांगते की भरतीच्या वेळी स्त्री म्हणून भेदभाव करू नये, हे १९७६ च्या समान मोबदल्याच्या कायद्यातच आले होते. आणि प्रश्नाचा रोख किंवा शेजारच्याचे हसणे अंगावर येण्याइतके घाणेरडे असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ नोकरीत असलेल्या बाईसाठी नाही. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असो वा नसो, तो तिला लागू होतो. मुलाखतीला गेलेली मुलगीही त्यात येते. आमच्या शनिवारच्या खोलीतल्या बहुतेक मुलींना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणखी एक प्रश्न आहे, तो वरकरणी साधा दिसतो, पण मला सगळ्यांत जास्त झोंबतो. ‘तुमचं मूळ गाव कुठलं? तुमच्यात हे आडनाव असतं का?’ अशा गोड आवाजात उमेदवाराची जात काढून घेतली जाते. पुढे कागदावर काय लिहायचे ते लिहिले जाते आणि बाहेर ‘फिट वाटला नाही’ एवढेच कळते. निदान बडोद्याने तरी हे करू नये. परदेशी शिक्षणासाठी महाराज सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये याच शहरात संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि मुंबईची गाडी मिळेपर्यंत ते आपल्या कमाटी बागेत बसून होते. बागेतल्या त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो आणि तिथे फुले वाहतो. कमाटी बागेवरून रोज गाडी नेणारा माणूस कार्यालयात पोहोचल्यावर समोरच्या मुलाचे आडनाव चाचपत असेल, तर त्याने ती बाग एकदा तरी थांबून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाखत किती मिनिटांची असावी आणि तीत काय विचारावे, यावरही न्यायालयाने बोलून ठेवले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात, म्हणजे १९८० च्या अजय हासिया खटल्यात, तक्रार हीच होती की प्रत्येकाची मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटांत उरकली आणि आईवडील कोण, राहता कुठे, असेच विचारले गेले. न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याची सूचना केली. प्रकरण प्रवेशाचे होते, नोकरीचे नव्हते, हे खरे. पण सात मिनिटांत वडिलांचा धंदा आणि घराचे भाडे विचारून परत पाठवलेल्या मुलीला ते वाचून दाखवले तर तिला ते आपलेच वाटेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणींतल्या बहुतेक पदांसाठी मुलाखतच बंद केली, त्यामागेही वशिला आणि मनमानी यांना आळा घालण्याचा विचार होता. खासगी कारखान्यांनी मुलाखत बंद करावी असे मी म्हणत नाही. माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही, हे मी जाणते. चांगल्या मुलाखतीत उमेदवार स्वतःच्या कामाविषयी बोलताना खुलतो, हातातला रुमाल बाजूला ठेवतो, यंत्राची आकृती काढायला कागद मागतो; असे प्रसंग मी पाहिले आहेत आणि त्या दिवशी घरी जाताना समाधान वाटले आहे. दम देऊन, टोमणे मारून, मुद्दाम अपमान करून ‘प्रेशर टाकून बघतो’ म्हणणाऱ्यांना असे काही पाहायला मिळत नाही, कारण घाबरलेला माणूस आपले खरे काम दाखवू शकत नाही.

उमेदवारांच्या चुका नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही. मुलाखत ठरवून न येणे आणि फोनही न उचलणे आता फार वाढले आहे. ऑफर लेटर घेऊन ते दुसरीकडे दाखवायचे, तिथे पगार वाढवून घ्यायचा आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, हे तर सरळसरळ फसवणुकीत जाते. ज्या जागेसाठी तो ‘हो’ म्हणाला, तीवर दुसऱ्या गरजू मुलाला नकार गेलेला असतो. अनुभवाचे खोटे दाखले मी स्वतः पकडले आहेत. पडद्यावरच्या मुलाखतीत शेजारी कोणाला तरी बसवून त्याच्याकडून उत्तरे घेणारी मुले आहेत. सरावाला येणाऱ्या मुलांना मी यासाठी कठोर बोलते आणि पुढेही बोलेन. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. उमेदवार चुकला तर त्याला जागा मिळत नाही, म्हणजे शिक्षा त्याला तिथल्या तिथे होते. मुलाखत घेणारा चुकला तर त्याला काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी अकरा जण सहा खुर्च्यांसमोर उभे असतात. पडद्यावरच्या मुलाखतीतही हेच आहे. उमेदवाराने शर्ट घालून, पाठीमागची भिंत आवरून, कॅमेरा लावून बसायचे. आणि घेणाऱ्याचा कॅमेरा बंद, फक्त एक नाव लिहिलेला काळा चौकोन दिसतो. ज्याचे तोंड दिसत नाही त्याच्याशी दिलखुलासपणे कसे बोलायचे, असे एका मुलाने मला विचारले होते.

काही गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या इतक्या उघड आहेत की त्यांवर वाद व्हायला नको. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत; पाहावीत आणि परत द्यावीत. ‘नमुन्यादाखल’ म्हणून चार दिवसांचे काम फुकट करून घेऊ नये. आधीच्या पगाराची पावती मागण्याआधी आपण किती देणार ते सांगावे. बाहेरगावच्या उमेदवाराला अनेक सरकारी उपक्रम येण्याजाण्याचे भाडे देतात. मोठ्या खासगी कारखान्यांना ते परवडत नाही, हे मला पटत नाही. आणि बायोडाटांची रद्दी कशीही विकू नये. मांडवीजवळ एकदा मी खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घेतली, तर पुडीचा कागद उलगडल्यावर एका मुलीचा फोटो, पत्ता आणि फोन नंबर समोर आला. तो कागद मी घरी आणून फाडला, पण तशा किती पुड्या गावात गेल्या असतील या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. माणसाच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदा झाला. कागदावरच्या बायोडाटाला तो लागू असो वा नसो, एखाद्या मुलीचा फोटो आणि नंबर आपल्या हवाली झालेला असताना तो फाडून टाकण्याइतकी काळजी घ्यायला कायद्याची गरज पडू नये.

आपल्याकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. ‘पाहिजेत’ या सदरात आपले दैनिक नोकरीच्या जाहिराती छापते. त्या घेताना आपण जाहिरातदाराकडून तीन गोष्टी मागाव्यात: पगार किती ते लिहा, मुलाखतीची वेळ प्रत्येकाला वेगळी द्याल का ते लिहा, आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत कळवाल ते लिहा. सगळेच लगेच लिहिणार नाहीत. पण जे लिहितील त्यांची जाहिरात ठळक छापली तरी पुष्कळ होईल, आणि आमच्या शनिवारच्या मुलांना मी त्याच जाहिराती आधी पाहायला सांगेन.

पोस्टकार्डावर मी जो मजकूर लिहीत असे तो सोबत पाठवत आहे. कोणत्याही कार्यालयाने तो आपला म्हणून वापरावा, माझी हरकत नाही. जागा असेल तर कृपया छापावा.

‘आपण आमच्याकडे मुलाखतीला आलात, त्यासाठी वेळ काढलात व प्रवास केलात, याबद्दल आम्ही आभारी आहोत. या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. आपण आता इतरत्र मोकळेपणाने प्रयत्न करावा. आपल्या योग्यतेची जागा पुढे आमच्याकडे निघाल्यास आपल्याला अवश्य कळवू. आपले बायोडाटाचे कागद हवे असल्यास सहा महिन्यांच्या आत कळवावे, ते टपालाने परत पाठवू.’

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
दांडिया बाजार, बडोदे